दुर्लक्ष झालेला प्लांटेड टँक रिकामा न करता परत कसा उभा करायचा

कारण काहीही असो, घर बदललं, आजारपण झालं, पोरांच्या परीक्षा आल्या, दोन-चार महिने प्लांटेड टँककडे, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या माशांच्या टाकीकडे, बघणं झालंच नाही. आता काचेवर हिरवा थर आहे, पाणी चहासारखं पिवळं, पानांवर काळी दाढी (एक प्रकारचं शेवाळ) उगवलीय, तळाला गाळ, आणि तरीही त्यात पाच-सहा मासे जिवंत फिरतायत. अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास सांगतं की सगळं बाहेर काढ, टाकी स्वच्छ घासून धू, नवीन पाणी भर आणि मासे परत सोड. हे एवढं एक काम करू नका, हात जोडून सांगतोय. महिनोन्महिने त्या घाणीत तगलेले मासे अशा साफसफाईनंतर दोन-तीन दिवसांत मरतात, आणि मग लोक म्हणतात की पाणी तर एकदम स्वच्छ होतं, मग मेले कसे?

कसे ते आधी बघू, कारण पुढची प्रत्येक स्टेप त्यावरच उभी आहे.

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं, या सगळ्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये, खडीत, लाकडावर, पानांवर जे बॅक्टेरिया बसलेले असतात ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक, नायट्रेट बरंच सौम्य, आणि ते झाडं खातात किंवा आपण पाणी बदलून काढून टाकतो. पाणी बदलणं थांबलं की नायट्रेट साठत जातं. शिवाय या सगळ्या प्रक्रियेत ॲसिड तयार होतं आणि ते पाण्यातला केएच, म्हणजे पीएच सांभाळणारा साठा, हळूहळू खाऊन टाकतं. केएच संपला की पीएच ६ च्याही खाली घसरतो, तिथे बॅक्टेरिया मंदावतात आणि अमोनिया साठायला लागतो, पण ॲसिडिक पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात राहतो आणि तो माशांना फारसा लागत नाही. म्हणून मासे जिवंत दिसतात. आता यात तुम्ही एकदम ७.५ पीएचचं ताजं पाणी अर्धा टँक भरून ओतलं की त्या अमोनियमचा परत विषारी अमोनिया होतो. पीएच एकाने वाढला की विषारी भाग साधारण दहापट होतो. त्यात स्पंजही नळाखाली धुतलेला असतो, म्हणजे तो अमोनिया खाणारे बॅक्टेरियाही क्लोरीनने गेले. उरलं काय?

दुसरा प्रकार बोअरच्या पाण्यावाल्यांचा. पाणी आटलं की वरून भरायचं, एवढंच कित्येक महिने चाललेलं असतं. पण वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार तिथेच राहतात, आणि भर म्हणून घातलेलं पाणी आणखी क्षार आणतं. अशा टँकचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, बघता बघता १००० च्या पुढे जातो. मासे हळूहळू सवय करून घेतात, पण एका दिवसात तो निम्मा केला तर त्यांचं शरीर ते झेपवू शकत नाही.

तर सूत्र एकच: हळू. चार-सहा आठवडे धरून चला.

पहिला दिवस: फक्त बघा आणि मोजा

मासे मोजा. एखादा गायब असेल तर फिल्टरमागे, लाकडाखाली बघा, मेलेला सापडला तर लगेच काढा. मासे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडझाप करतायत का ते बघा. फिल्टरमधून पाणी किती जोरात येतंय ते बघा. काचेच्या जोडांवरचा सिलिकॉन कुठे सुटलाय का तेही बघून घ्या.

मग टेस्ट. ड्रॉपवाली किट घेता आली तर उत्तम, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच. सगळं परवडत नसेल तर निदान पीएच, अमोनिया आणि एक टीडीएस पेन घ्या, पेन स्वस्तात मिळतो आणि आरओवाल्याकडे तर असतोच. आणि टँकइतकंच महत्त्वाचं म्हणजे नळाचं पाणीही मोजा, रात्रभर बादलीत ठेवून सकाळी, कारण आपल्याला हवा आहे तो दोघांतला फरक. तो किती मोठा आहे यावर पाणी किती वेगाने बदलायचं ते ठरतं.

त्याच दिवशी तीन गोष्टी करून टाका. लाईट दिवसाला ५-६ तासांवर आणा, शक्यतो टायमर लावून. खाणं एक दिवसाआड आणि चिमूटभर. आणि एअर पंप असेल तर चोवीस तास चालू. मोठ्या माशांना तीन-चार दिवस खायला मिळालं नाही तरी काही होत नाही, त्यामुळे जीव तुटू देऊ नका.

हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढायचे, सगळे. हीटर तर पाणी कमी करायच्या १५-२० मिनिटं आधी बंद करायचा, गरम हीटर उघडा पडला की काच तडकते.

पाणी बदलणं

२ फूट बाय १ बाय १ चा टँक काठोकाठ भरला तर ५६ लिटरच्या आसपास, खडी-लाकूड धरून प्रत्यक्षात ४५ लिटर पाणी समजा. टीडीएस किंवा पीएचमध्ये मोठा फरक असेल तर रोज किंवा एक दिवसाआड १०%, म्हणजे साडेचार-पाच लिटर, पाव बादली. हे फारच कमी वाटतं, मला माहितीय. पण दहा वेळा १०% बदललं की जुनं पाणी साधारण ३५% च उरतं, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत तुम्ही दोन तृतीयांश टँक बदललेला असतो आणि माशांना कळतही नाही. फरक थोडाच असेल, म्हणजे पीएच जवळपास सारखा आणि टीडीएस शंभरेकने जास्त, तर एका वेळी २५-३०% चालतं.

याला एक अपवाद आहे. मासे वर येऊन धापा टाकतायत, अमोनिया किंवा नायट्राइट दिसतंय आणि टँकचा पीएच ७ च्या वर आहे, तर विष आत्ताच तिथे आहे, मग थांबायचं नाही, क्लोरीन काढलेलं पाणी घेऊन ४०-५०% बदला. पीएच ६ च्या खाली असेल आणि अमोनिया असेल तर मात्र १०% चीच शिस्त पाळा.

आता कुठलं पाणी. मुंबई-पुण्याचं महापालिकेचं पाणी धरणांतलं, बऱ्यापैकी मऊ, झाडांना चांगलं, फक्त क्लोरीन काढायला हवा. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो. तेवढा वेळ नसेल तर दुकानात अँटीक्लोर मागा, ते सोडियम थायोसल्फेट असतं, बाटलीवरच्या प्रमाणात टाका. (क्लोरामाइन वापरत असतील तर मात्र ते नुसतं ठेवून जात नाही, तिथे अँटीक्लोर लागतंच.) देशावरचं बोअरचं पाणी बेसॉल्ट खडकातून येतं आणि बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यात अर्धं आरओचं मिसळलं की काम होतं. पाणी बदलताना नुसतं आरओ कधीच वापरू नका, त्यात केएच जवळजवळ नसतो, म्हणजे ज्या खड्ड्यातून आपण वर येतोय त्यातच परत जाणार. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि बऱ्याचदा ॲसिडिक असतं, तिथे शिंपल्यांचा चुरा मूठभर जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवला की केएच हळूहळू वर येतो. टँकरचं पाणी असेल तर प्रत्येक वेळी मोजा, आज एका विहिरीचं उद्या दुसऱ्या.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा कुणी टँकमध्ये तुरटी फिरवायला सांगेल. नको. तुरटी केएच खाते, पीएच खाली पाडते. ते पाणी दोन दिवस पिंपात बसू द्या आणि वरचं वरचं घ्या.

फिल्टर आणि खडी, एकाच दिवशी नाही

टँकमधून काढलेल्या पाण्याचीच बादली घ्या आणि त्यात स्पंज दाबून गाळ काढा. चमकला पाहिजे असं काही नाही, पाणी आरपार जायला लागलं की बास. स्पंज दोन असतील तर एक या आठवड्यात, एक पुढच्या. सिरॅमिक रिंग नुसत्या हलवायच्या. नळाखाली काही धरायचं नाही.

फिल्टर बरेच दिवस बंद पडून होता, तर तो तसाच चालू करू नका. आत हवा न मिळाल्याने सगळं सडलेलं असतं आणि बटण दाबलं की ते काळं पाणी थेट टँकमध्ये. बाहेर काढून नीट धुवायचा आणि नवीन समजून लावायचा. मग बॅक्टेरिया परत बसायला ४ ते ६ आठवडे लागतील, त्या काळात अमोनिया दर दोन दिवसांनी बघा आणि झाडं जास्त ठेवा, तीच खरी मदत.

खडीचा गाळ सायफनने (नळीने पाणी ओढून) काढायचा, पण एका वेळी एक तृतीयांश भाग, मध्ये आठवडाभर अंतर. खोलवर खुपसून ढवळलं आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे हायड्रोजन सल्फाइड साठलाय, हात थांबवा, वरवरचा गाळ ओढून घ्या आणि हवा वाढवा. अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठीची दाणेदार माती) असेल तर सायफन आत घालायचाच नाही, नुसता वर तरंगत ठेवून घाण खेचायची, दाणे फुटले की पाणी गढूळ होतं आणि परत अमोनिया सुटतो.

काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, पाणी बदलायच्या आधी, म्हणजे सुटलेलं शेवाळ सायफनमध्येच जाईल. वरच्या कडेला जो पांढरा क्षारांचा थर बसतो तो पाणी थोडं खाली घेऊन व्हिनेगरच्या फडक्याने निघतो. साबण घरात कितीही सौम्य असला तरी टँकच्या जवळ आणू नका.

झाडं: काय ठेवायचं, काय काढायचं

इथे माझा सगळ्यात जास्त जीव आहे, कारण लोक जिवंत झाडं फेकून देतात.

अनुबियास आणि जावा फर्न बघताना पानं बघू नका, ते जाड आडवं खोड बोटाने दाबा. कडक असेल तर ते जिवंत आहे, सगळी पानं काळी पडली असली तरी. खराब पानं देठापासून कापा आणि खोड लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा, खडीत पुरलं की कुजतं. लिबलिबीत झालेला भाग मात्र कापून टाका. क्रिप्टोकोरीनची तर सवयच आहे, पाण्यात बदल झाला की सगळी पानं विरघळल्यासारखी गळतात आणि नवखा माणूस झाड मेलं म्हणून उपटतो. खाली मुळं जिवंत असतात, महिनाभर थांबा, नवीन पान येतं. पाणी बदलायला लागल्यावर हे होणारच, तेव्हा घाबरू नका. (क्रिप्टोकोरीनच्या एक-दोन जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत आपसूक वाढतात, पावसाळ्यात वाहत्या पाण्यात आणि उन्हाळ्यात कोरड्या काठावर, इतकं सहनशील झाड आहे ते.) वॅलिसनेरियाची लांब पानं तळाशी पिवळी झाली असतील तर मुळाशीच कापा. रोटाला, लुडविजियासारखी उभी वाढणारी झाडं खाली टक्कल आणि वर दोन इंच हिरवी अशी झालेली असतात, त्यांचे वरचे हिरवे शेंडे कापून परत खडीत लावा आणि खालचं जुनं खोड काढा.

शेवाळाने भरलेलं जुनं पान परत सुंदर होत नाही. कधीच. त्यामुळे प्रगती मोजायची ती नव्या पानांवरून. पण एका दिवसात सगळी छाटणी नको, आठवड्याला एक तृतीयांश, कारण खराब दिसणारी पानंही थोडंफार अमोनियम घेतच असतात.

आणि लगेच आणायची ती वेगाने वाढणारी साधी झाडं: हॉर्नवर्ट, हायड्रिला, वॉटर स्प्राइट, वर तरंगायला साल्विनिया. दुकानात स्वस्तात जुडी मिळते, कुर्ल्याच्या बाजारात तर ढिगाने. ती पाण्यातलं अमोनियम आणि नायट्रेट भराभर ओढतात आणि शेवाळाला उपाशी ठेवतात. मनी प्लांटची फांदी, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, अशी कडेला अडकवली तर तीही जोरात नायट्रेट खाते. टँक सावरला की यातली नको ती काढून टाका.

शेवाळ

प्रत्येक शेवाळ वेगळं सांगतं. काचेवर कडक हिरवे ठिपके म्हणजे लाईट जास्त वेळ आणि बहुधा फॉस्फेट कमी. तपकिरी पावडर पुसली की जाते, तिची काळजी सोडा. पाणीच हिरवंगार झालं असेल तर जास्त लाईट किंवा खिडकीचं ऊन, टँकला ३-४ दिवस जाड चादरीने पूर्ण झाकून ठेवा, लाईट बंद, एअर पंप चालू, आणि उघडल्यावर २०-२५% पाणी बदला (वर सांगितलेला फरक मोठा असेल तर १०-१०% करून). निळसर-हिरवा घसरडा पापुद्रा, मातकट घाण वास येतो, चादरीसारखा निघतो, ते खरं म्हणजे शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत. हाताने सोलून काढा, तिथे पाण्याचा प्रवाह पोचेल असं करा आणि तोच चादरीचा उपाय.

काळी दाढी सगळ्यात चिवट. सीओटू, म्हणजे झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड, कमी-जास्त होत राहणं आणि सेंद्रिय घाण, ही तिची आवडती परिस्थिती. सीओटूचा सिलिंडर लावलेला असेल आणि तो कधी संपलेला कधी भरलेला असं चाललं असेल तर सरळ बंद करा आणि लाईट कमी ठेवा, नियमित करता येईल तेव्हाच परत. दाढीवर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण प्रमाण सांभाळा. मेडिकलमध्ये बऱ्याचदा ६% ची बाटली मिळते, लेबल वाचा, ६% असेल तर तेवढंच पाणी घालून ३% करा. फिल्टर बंद करून, सिरिंजने थेट दाढीवर हळूहळू सोडा, १०-१५ मिनिटांनी फिल्टर चालू. ५० लिटरच्या टँकला ३% चं एका दिवशी १५ मिलीच्या वर जाऊ नका. काही दिवसांत दाढी लालसर-पांढरी होते, म्हणजे मेली. मॉस आणि वॅलिसनेरियावर मात्र टाकू नका, ते जळतात. झिंगे असतील तर आणखी कमी.

शेवाळ मारायची जी बाटलीबंद औषधं असतात त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. झिंगे आणि गोगलगायी मरतात, त्या कुजल्या की परत अमोनिया. मी सावरणाऱ्या टँकमध्ये ती वापरायला अजिबात सांगणार नाही.

खत

इतकी घाण आहे तर खत कशाला, असं वाटतं. पण घाणीत नायट्रेट भरपूर असतं आणि पोटॅशियम, लोह संपलेलं असू शकतं, मग झाडं वाढत नाहीत आणि ते नायट्रेट पडून राहतं. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडतायत तर पोटॅशियम कमी. नवीन पानं फिकट पिवळी तर लोह कमी. जुनी पानं पूर्ण पिवळी तर नायट्रोजन, पण तुमच्याकडे आत्ता हे बहुधा नसणार.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या कृषी केंद्रात मिळणारी विद्राव्य खतं इथे अगदी चालतात (नावातले तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश). सुरुवातीला ००:००:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट: १०० लिटरला १ ग्रॅम टाकलं की साधारण ४ पीपीएम (लिटरला ४ मिलिग्रॅम) पोटॅशियम मिळतं, आठवड्यातून एकदा पुरे. नायट्रेट टेस्टमध्ये ५ च्या खाली गेलं की त्याऐवजी १३:००:४५, ५० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १० मिली १०० लिटरला म्हणजे ६ पीपीएमच्या आसपास नायट्रेट. फॉस्फेटसाठी ००:५२:३४, पण ते फारच थोडं लागतं, १० ग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये आणि त्यातलं ५ मिली १०० लिटरला. १९:१९:१९ मात्र चुकूनही नको, त्यात युरिया आणि अमोनियम असतं, ते थेट अमोनियाकडे जातं. लोह आणि बाकी सूक्ष्म अन्नद्रव्यं दुकानातली तयार अ‍ॅक्वेरियमची बाटलीच घ्या. बाटल्यांवर नाव लिहा आणि लहान मुलांपासून लांब ठेवा.

सावरल्यानंतर

आठवड्याला २०-२५% पाणी, महिन्यातून एकदा स्पंज, लाईट ७ तास, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोगलगायी अचानक वाढल्या तर खाणं जास्त पडतंय. उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतं, पण पाणी लवकर आटतं आणि तिथे भर म्हणून आरओचं पाणी घाला, बोअरचं नको. लाईट जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा.

नवीन मासे अमोनिया आणि नायट्राइट सलग तीन आठवडे शून्य आल्यावरच. दुकानदार शेवाळ खायला सकर फिश देईल, घेऊ नका, ती एक फुटाच्या वर जाते, मोठी झाल्यावर शेवाळ फारसं खातही नाही आणि मग लोक तिला तलावात सोडतात. आपल्या नद्या-तलावांत ती आता ठिकठिकाणी पसरलीय आणि तिथल्या माशांची जागा खातेय. कापलेली झाडं, साल्विनिया, हॉर्नवर्ट, यातलं काहीही नाल्यात, विहिरीत, नदीत टाकू नका. उन्हात वाळवून कुंडीत दाबा. बदलताना काढलेलं पाणीही कुंड्यांनाच घाला, तुळस, जास्वंद खूश होतात, फक्त टँकमध्ये औषध टाकलंय त्या आठवड्यातलं नको, आणि टीडीएस १००० च्या पुढे असेल तर निम्मं साधं पाणी मिसळून.